चाळिसावा नंबर

शिक्षक राष्ट्र घडवतो. आमचे अर्धेसर ते मंगळवारी आणि गुरुवारी साडेसहा ते साडेआठ, आणि रविवारी सकाळी घडवत. उरलेला आठवडा ते पाणीपुरवठा कचेरीत, नळाला पाणी न येणाऱ्यांच्या तक्रारी लिहून घेत. प्रवेशपरीक्षेच्या क्लासात अर्धवेळ शिकवतात म्हणून मुलांनी त्यांचं बारसं 'अर्धेसर' असं केलं होतं. नाव त्यांना आवडलं नव्हतं. पण त्यात चूकही काढता येत नव्हती.

क्लासाची एक प्रथा होती. रविवारी टेस्ट व्हायची, तासाभरात यादी यायची आणि अर्धेसर पहिल्यापासून चाळिसाव्यापर्यंत नावं वाचायचे. नाव आलं की मुलानं दप्तर उचलायचं आणि नंबराप्रमाणे बसायचं. पहिल्याला एसीखालचा बाक. चाळिसाव्याला दाराजवळचा, ज्याच्या मोडक्या पायाखाली जुनी प्रश्नपत्रिका घडी करून सारलेली होती. पालकांना प्रथा पसंत होती. दारातून नुसतं डोकावलं तरी आपल्या पोराचं भविष्य दिसत असे.

पालकांशी फोनवर काय बोलायचं, तेही क्लासानं छापून दिलं होतं. त्यातलं दुसरं वाक्य अर्धेसरांना तोंडपाठ होतं.

एका रविवारी सकाळी ते दाढी करत असताना फोन वाजला. शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांची एकुलती एक मुलगी क्लासात होती.

"सर, पोरीला परवापासून ताप आहे. दवाखान्यात नेते म्हटलं तर टेस्ट आहे म्हणते. आज नाही पाठवली तर चालेल ना?"

"निर्णय तुमचा, ताई," सर गालावरचा साबण सांभाळत म्हणाले. "पण एक टेस्ट चुकली की दोनशे मुलं पुढे जातात."

पलीकडे क्षणभर शिलाई मशीनही थांबलं. "बरं. पाठवते मग."

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. "अहो, ताप आहे म्हणत होती ना ती?"

"अगं, कागदावर लिहिलंय तेवढंच बोललो."

"आणि ही दोनशे मुलं कोण हो? कधी पाहिलीत?"

"मी अर्धवेळ आहे," सर म्हणाले. "मला सगळं सांगत नाहीत."

बायको हसली नाही.

मुलगी आली. गळ्याशी ओढणी घट्ट गुंडाळून तिनं तीन तास पेपर लिहिला. तेविसावी आली, दप्तर उचलून तेविसाव्या जागी बसली आणि बाकावर डोकं टेकलं. अर्धेसरांनी पाहिलं. "बरं वाटत नाही का गं?" असंही विचारलं. ती म्हणाली, "बरंय सर." सरांना तेच उत्तर हवं होतं, यादी अजून निम्मी वाचायची होती.

बुधवारी ती रुग्णालयात गेली. शुक्रवारी गेली. ताप मेंदूत चढला होता. डॉक्टर एवढंच म्हणाले, "तीन दिवस आधी आणायला हवं होतं."

पुढच्या रविवारी अर्धेसर यादी वाचत होते. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. चाळिसावं नाव त्यांच्या तोंडून निघूनही गेलं. गैरहजर, शून्य गुण. दाराजवळचा बाक रिकामाच राहिला. वर्गात कुणी मान वर केली नाही.

सोमवारी कचेरीत त्यांना फोन आला.

"सर, क्लासाचा मेसेज आलाय. मुलीची प्रगती घसरली आहे, पालकांनी भेटावं म्हणून. कधी येऊ?"

त्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"ताई... तो मेसेज मशीन पाठवतं."

"हो का? मी म्हटलं, बोलावलंय तर विचारावं." मग, "तेविसावी आली होती ना सर ती? शेवटची?"

"हो ताई. तेविसावी."

त्याच संध्याकाळी अर्धेसर संचालकांसमोर उभे राहिले. "तिचं नाव यादीतून काढा."

"बॅच संपेपर्यंत नाव सिस्टीममध्ये राहतं, सर."

"साहेब, मुलगी संपली."

"भावना कळतात हो. पण तुम्ही अर्धवेळ आहात, पूर्ण कल्पना नसते तुम्हाला."

"तिला टेस्टला पाठवा असं मीच सांगितलं. पूर्ण मी सांगितलं, अर्धं नाही. नाव निघेपर्यंत मी यादी वाचणार नाही. आणि कागदावरचं ते दुसरं वाक्य तर फोनवर पुन्हा कधीच बोलणार नाही."

परीक्षा महिन्यावर आली होती, दुसरा मास्तर मिळत नव्हता. संचालकांनी दोन कळा दाबल्या. नाव निघालं.

मंगळवारी अर्धेसर वर्गासमोर उभे राहिले. आपण त्या आईला काय बोललो होतो, ते त्यांनी मुलांना शब्दन् शब्द सांगितलं. "तिचं नाव आता शून्यापुढे दिसणार नाही," ते म्हणाले. "आजपासून मी नंबर वाचणार नाही. तुम्हीही कुणी ताप अंगावर काढून इथं यायचं नाही." मुलं उभी राहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आपण पुरा मास्तर झालो, असं सरांना वाटलं.

वर्ग सुटला. एक मुलगी मागे रेंगाळली. मागल्या रविवारी एकोणचाळिसावी आलेली.

"सर, तुम्ही नाही वाचलात तरी यादी बाहेर भिंतीवर लागतेच."

"लागते. मग?"

"तिचं नाव होतं तोवर मी शेवटची नव्हते." ती दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. "मी शेवटची आले की बाबा आईशी बोलत नाहीत. आठवडा आठवडा. परीक्षेपर्यंतच, सर. तिचं नाव परत घालाल का?"