ताजा बिब्बा

सत्यभामेनं एखादी गोष्ट मनात घेतली की ती तडीस नेल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ती लागू देत नसे. त्या साली तिनं मनात घेतलं ते असं, की चैत्रात सोनारीच्या जत्रेला दोन्ही घरांनी मिळून, पोराबाळांसकट जायचं.

दोन घरं म्हणजे तिचं आणि भिंतीला भिंत लागून असलेलं लालबीचं. निजामाचं राज्य होतं, पण रझाकार हा शब्द अजून तेरखेड्यात पोचायचा होता; कोण कुणाच्या जत्रेला निघालं याची चौकशी कुणी करत नसे. लालबीचा नवरा वजीर शोभेची दारू करायचा. भुईनळे, बाण, चक्रं गाडीत भरून तो दरसाल सोनारीला जायचाच. सत्यभामेला तिच्या धाकट्या बलभीमाचं जावळ तिथल्या काळभैरवाच्या दारात काढायचं होतं. नवस होता, पाच नारळांचं तोरण कबूल केलेलं होतं. मग एक गाडी दारूची, एक माणसांची, आणि सोबतीला सोबत.

"आक्का, देवळात आमचं काय काम?" लालबीनं विचारून पाहिलं होतं.

"देवळात न्हाय, जत्रंत हाय. पोरं पाळन्यात बसतील, रेवड्या खातील. तुला काय आयुष्यभर चुलीम्होरंच बसायचं हाय व्हय गं?"

लालबीला उत्तर सुचलं नाही असं नाही. तिला उत्तर नेहमी सुचायचं, आणि ती ते द्यायचीही. सत्यभामेला मधे तोडायची छाती अख्ख्या गावात तिच्या एकटीचीच होती. पण पाळण्याचं नाव काढल्याबरोबर रसूल आणि जमिला दोघंही तिच्या पदराला असे लोंबकळले की हो म्हणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. तीन वर्षांची फरिदा काही न कळता त्यांच्याबरोबर नाचली.

निघायच्या आदल्या दिवशी सत्यभामेनं पाचही पोरांना ओट्यावर उभं केलं आणि दृष्ट लागू नये म्हणून एकेकाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा बांधला, कपड्यांच्या आत, कुणाला दिसणार नाही असा. तिच्या घरची ती रीत होती, आणि तिच्या घरची रीत भिंत ओलांडून लालबीच्या घरात कधी शिरली हे आता कुणालाच आठवत नव्हतं. लालबीनं तीनही पोरं पुढं केली. फरिदाच्या वेळी सुईण यायच्या आत सत्यभामेनंच त्या पोरीची नाळ कापली होती. अशा बाईच्या हातच्या दोऱ्याला नाही कसं म्हणायचं?

पहिला दिवस मजेत गेला. पुढं माणसांची गाडी, मागं बरंच अंतर ठेवून वजीरची. सत्यभामेच्या नवऱ्याची, दगडोबाची, सगळ्यात मोठी अडचण झाली. दारूच्या गाडीपायी चिलीम ओढायची तर पार शेताच्या दुसऱ्या बांधाला जावं लागायचं, आणि तो गेला की रसूल आणि सत्यभामेची मथुरा कासरा धरायला भांडायची. वाशीच्या पुढं एका मळ्यात मुक्काम झाला. भाकरी, ठेचा, पिठलं. फरिदानं मात्र घास फिरवला. तोंडात सारखा अंगठा, असं लालबीला वाटलं. तिनं दोनदा हात ओढून काढला आणि तिसऱ्यांदा सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायला लागलं तशी पोर किरकिर करायला लागली. आधी ओठ सुजले. मग डोळे. वाटेवरचं भूम गाव अजून बरंच लांब होतं आणि तोवर फरिदाचा चेहरा ओळखू येईनासा झाला. गाल फुगून डोळ्यांच्या जागी नुसत्या रेघा राहिल्या, हनुवटीवर, मानेवर बारीक फोड उठले. अंग तव्यासारखं तापलं होतं. लालबीनं हाक मारली की ती नुसती हुंकार द्यायची.

ओढ्याकाठी चिंचेची मोठी झाडं होती. दगडोबानं गाड्या तिथं सोडल्या. सत्यभामा पुढं झाली, पोरीचं झबलं वर करून एकवार बघितलं, आणि दोन पावलं मागं सरून तिनं तीन वर्षांच्या फरिदाला हात जोडले.

"आई, आलीस, सुखानं ऱ्हा, सुखानं जा. लेकराला सांभाळ."

लालबीनं फरिदाची बाही वर सारली.

"आक्का, हिला देवी काढल्यात. ह्ये बघा की दंडावर वन."

"त्या सरकारच्या. ह्या आईला सरकार इचारून यावं लागतं व्हय? गोवर आसंल, कांजन्या आसतील, कंचीबी आसंल. आता ऐक माझं. पानी लावायचं न्हाय, त्याल लावायचं न्हाय, औशीद द्यायचं न्हाय. लिंबाचा पाला हांतरा खाली. पोरं लांब न्या. आनि गाड्या माघारी फिरवा. आई अंगावर घेऊन जत्रंत न्हाय जाता येत."

हे शेवटचं बोलताना तिचा आवाज बसला. बलभीमाचं जावळ एक साल पुढं गेलं होतं. पण तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि म्हणूनच लालबीचा तिच्यावर आणखी विश्वास बसला. दगडोबा लिंब शोधायला गेला. वजीर मोठ्या पोरांना घेऊन ओढ्यापलीकडं बसला. एरवी हातभर लांबीचा बाण पेटवून शांतपणे मागं सरणारा माणूस, पण आता त्याला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

लालबी लेकीच्या उशाशी बसली. आयुष्यात तिला एवढी भीती कधी वाटली नव्हती. समोर पोर जळत होती आणि पाण्याचं बोट लावायची मुभा नव्हती. सकाळपासून पोरीनं लघवीसुद्धा केली नव्हती, आणि ही गोष्ट तिला फोडांपेक्षा जास्त खात होती.

पण आईचा हात तो, नुसता किती वेळ बसणार? फरिदाच्या डोळ्यातलं काजळ घामानं पसरून तोंडाभोवती काळं झालं होतं. लालबीनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि हळूच पुसलं. डोळ्याखालचं काळं निघालं. तोंडाभोवतीचं निघेना. तिनं पुन्हा पुसलं. ओठाच्या कडेला, हनुवटीवर, उजव्या हाताच्या दोन बोटांवर तोच काळा डाग, आणि फोड सगळे त्या डागाच्या भोवतीनं दाटलेले. काजळ असं धरून बसत नाही. धोबी कपड्यावर खूण करतो तो डाग असा असतो, कितीही धुतला तरी न जाणारा.

तिनं फरिदाच्या गळ्यातला दोरा बाहेर ओढला. बिब्बा चघळून चघळून फुटला होता आणि त्याचं काळं तेल अजून चमकत होतं.

दोरा तोडून तिनं तो लांब भिरकावला. लालबीच्या लग्नाआधी तिच्या धाकट्या भावाच्या पायावर बिब्बा उतला होता, त्याचं तेल कातडीवर उठलं होतं. असेच फोड, अशीच सूज, असाच ताप. तेव्हा तिच्या आईनं पाय धुऊन काढला होता, चिंचेचा पाला वाटून लावला होता आणि नारळाचं दूध वाटीवाटीनं पाजलं होतं. आईचा हात, आईची वाटी, सगळं तिला आत्ता समोर दिसत होतं.

"आक्का, ही देवी न्हाय. बिब्बा उतलाय. पानी आना."

सत्यभामा जागची हलली नाही. "लालबी, येड्यावानी करू नको. आई कोपली तर पोर हातची जाईल."

आता निर्णय लालबीच्या एकटीच्या गळ्यात पडला होता. तिचं खरं असलं आणि ती गप्प बसली, तर पोर जाणार. तिचं चुकलं आणि तिनं पाणी लावलं, तरी पोर जाणार, वर जन्मभर दोन्ही घरं म्हणणार की जन्मदातीनंच घालवली. वजीर ओढा ओलांडून आला होता. त्यानं एकदा पोरीकडं, एकदा बायकोकडं पाहिलं.

"पक्का?" त्यानं विचारलं.

"पक्का."

लालबी उठली. तिनं घागरीतलं पाणी घेतलं आणि लेकीचं तोंड, मान, हात खळाखळा धुऊन काढले. जमिलाला हाक मारून झाडावर चढवलं, कोवळा पाला उतरवला, दगडावर वाटला. रसूलला सांगून सगळ्या पोरांच्या गळ्यातले दोरे काढून आणवले. त्यानं ते तिच्या पुढ्यात टाकले तेव्हा तिची नजर त्यांच्यावर खिळली. चारही बिब्बे जुने होते, वाळून खडे झालेले. त्यातून तेलाचा थेंब निघाला नसता. बलभीमाचा तर कित्येक सालांचा असावा.

ताजा फक्त फरिदाचा होता.

लालबीच्या डोक्यात तिडीक गेली. "आक्का! तुमच्या लेकराला वाळका आनि माझ्या लेकीला ताजा? हिच्यावर केलात व्हय परयोग? समदं गाव म्हनतं आक्का शहानी. ही शहानीव?"

तेरखेड्यात सत्यभामेला कुणी असं बोललं नव्हतं. दगडोबा लिंबाचा पाला काखेत धरून खाली बघत राहिला. सत्यभामा त्या चार बिब्ब्यांकडं बघत होती. बोलली तेव्हा तिचा आवाज ओळखू आला नाही.

"एकच घावला गं ताजा. त्याचा जोर लई आसतो म्हनत्यात. म्हनलं, ही गोरीगोमटी, जत्रंत समद्यांची नजर हिच्यावरच पडंल. आमचा बलभीम काय, काळाबेंद्रा. त्याला कोन दृष्ट लावतंय? त्याला वाळका चालतोय म्हनलं."

लालबीचा राग कुठल्या कुठं गेला असं सांगितलं तर ते खोटं होईल. राग होताच. पण त्या रागाला आता जायला जागा उरली नव्हती, आणि वेळही नव्हता.

"नारळ पायजे," ती म्हणाली. "दूध काढून पाजायला. हितं कुठं मिळंल, भावजी?"

दगडोबानं चहूकडं पाहिलं. उन्हानं पांढरी पडलेली रानं. भूमला जाऊन यायचं तर दिवस मावळणार. गाडीत नारळ होते, सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं. लाल फडक्यात बांधलेले पाच. नवसाच्या नारळाला देवाच्या दारापर्यंत जमीनसुद्धा लागू द्यायची नसते. लालबी ते मागणार नव्हती. तिची जीभ कितीही तिखट असली तरी एवढं तिला कळत होतं.

सत्यभामा उठली. गाडीत चढून लाल फडकं घेऊन खाली आली. "आगं, नवसाचं हाय," दगडोबा पुटपुटला, पण ते त्यानं म्हणायचं म्हणून म्हटलं. सत्यभामेनं गाठ सोडली, पहिला नारळ दोन्ही हातांत धरला, सोनारीच्या दिशेला तोंड केलं आणि गावात बोलायची त्याच आवाजात ओरडली.

"भैरवनाथा, तुझं हितंच घे! तिथवर यायला आम्हाला सवड न्हाय!"

आणि चाकाच्या लोखंडी धावेवर तिनं नारळ आपटला. मग दुसरा. पाचही फोडले, दोन पुरले असते, पण तिला थांबवायला कोण जाणार? दोघी बायका दगडावर खोबरं ठेचायला बसल्या. एक ठेचायची, एक फडक्यातून पिळायची. एकीचा हात थांबायच्या आत दुसरीचा पुढं यायचा. लालबीनं चिंचेच्या पाल्याचा लेप दिला, वरून खोबऱ्याचं दूध फिरवलं. कापसाचा बोळा भिजवून ती सुजलेल्या ओठांत थेंब थेंब सोडत राहिली. आधी थेंब बाहेर ओघळायचे. मग एक आत गेला. मग फरिदाच्या घशाची हालचाल दिसली, आणि लालबीनं बोळ्याऐवजी वाटी हातात घेतली.

दुपार कलली. सत्यभामेनं पोरीला स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं आणि ती कुणाला देत नव्हती. लालबीनं दोनदा हात पुढं केले, दोनदा तिनं मान हलवली. तिनं जत्रेसाठी मुद्दाम घेतलेलं हिरवं इरकल नेसलं होतं, त्याला पाल्याचे डाग पडले होते. तिला त्याची शुद्ध नव्हती. ती पोरीच्या चेहऱ्याकडं टक लावून बसली होती, आणि बोलकी सत्यभामा एवढा वेळ गप्प बसल्याचं पाहून मथुरा घाबरून रडायला लागली.

उन्हं झाडाच्या बुंध्याशी आली तेव्हा सत्यभामा एकदम ताठ झाली.

"लालबी!"

लालबी धावली. "काय झालं? आक्का, काय झालं?"

"मुतली!" सत्यभामा म्हणाली. "मुतली गं, चांगली भडाभडा!"

हिरव्या इरकलावर ओल पसरत चालली होती. फरिदानं एका डोळ्याची फट किलकिली केली, आजूबाजूला एवढी माणसं बघून तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं, असं खणखणीत की ओढ्यापलीकडचे बैल कान टवकारून उभे राहिले. लालबी हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. तिनं पोरीसकट सत्यभामेला मिठी मारली.

"द्या आता हिकडं. लुगडं बदला, आक्का. पेटीत दुसरं हाय न्हवं? भिजलंय समदं."

"ऱ्हाऊ दे," सत्यभामा म्हणाली. तिचा मूळचा आवाज परत आला होता. "हेच नेसून देवाम्होरं जाईन. नारळ न्हाईत, जावळ काढीन आनि ह्ये दाखवीन. बघू काय म्हनतोय त्यो. जुंपा बैल."

दगडोबानं विझलेली चिलीम कमरेला खोचली आणि बैल सोडून आणायला गेला.