हयातीपुरता हिस्सा

म्हातारा वॉरिक गेला आणि बार्बाडोसच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या उसाच्या मळ्याची वाटणी झाली. दोन हिस्से पहिल्या बायकोच्या मुलाला, हंफ्रीला. तिसरा दुसऱ्या बायकोला, थॉमसिनबाईंना, त्यांच्या हयातीपुरता. शेजारचे मळेवाले छड्या टेकत आले आणि घराच्या खोल्यासुद्धा वाटून गेले. बाईंना दिवाणखाना, मागचा व्हरांडा आणि स्वयंपाकघर मिळालं. ऊस गाळायची पवनचक्की दर तिसऱ्या आठवड्याला त्यांची. त्या बेटावर गुलामही जमिनीतच मोजत, त्यामुळे माणसांचीही तशीच वाटणी झाली.

बाईंनी स्वयंपाकीण बेनेबा आणि तिची मुलगी डोल आपल्या हिश्श्यात मागून घेतल्या. मायलेकींची ताटातूट होऊ दिली नाही, याचं त्यांना इतकं कौतुक वाटे की चर्चमधून परतताना शेजारणींना त्या ते पुन्हा पुन्हा ऐकवत. माणसं वाटून घ्यायची आणि वर पुण्यही पदरात पाडून घ्यायचं, ही तिथल्या भल्या बायकांची जुनी खोड होती.

पावसाळ्यात बाई तापाने अंथरुणाला खिळल्या. डोलने त्यांच्या उलट्या काढल्या, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, बसल्या जागी डुलक्या काढल्या. बाईंना उठून बसता आलं, तेव्हा त्यांनी बेनेबाला बोलावून घेतलं आणि बायबलवर हात ठेवून सांगितलं, की ख्रिसमसला मी डोलला मुक्त करणार.

बेनेबा मोजकंच बोलणारी बाई. तिने एवढंच विचारलं, "नक्की ना, बाईसाहेब?"

"शब्द आहे माझा."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून बेनेबाचं गाणं ऐकू आलं. बाईंना फार बरं वाटलं.

रविवारी हंफ्री जेवायला आला. तो ताटातल्या तळलेल्या उडत्या माशांवर लिंबू पिळत असताना बाईंनी आपला बेत सांगितला. त्याने लिंबू खाली ठेवलं.

"आईसाहेब, गाय माझी आहे. तुम्हाला दूध दिलंय, तेही तुम्ही आहात तोवर. गाय सोडून देणाऱ्या तुम्ही कोण?"

"पण माझ्या हिश्श्यातली आहे ती."

"हयातीपुरती. तुमच्यामागे ती माझी. तिला पोरं झाली तर तीही माझी."

बाईंचा चेहरा उतरला. 'हयातीपुरता' हा शब्द त्यांनी वाटणीच्या वेळी ऐकला होता. पण आपण मरणार असं धरून कोण ऐकतं? जमीन विकता येणार नाही, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं होतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून त्या मोकळ्या झाल्या होत्या, तेही बायबलच्या साक्षीने. बेनेबा मागेच वाढायला उभी होती. तिने हंफ्रीच्या ताटात आणखी एक मासा वाढला.

मग हंफ्रीनेच वाट सुचवली. तुमचा सगळा हिस्सा आत्ताच सोडा, ब्रिजटाउनला भाड्याच्या माडीवर जाऊन राहा, मी पोरीच्या मुक्तीवर सही करतो. "बघा बुवा," तो हसत म्हणाला, "शब्द तुम्ही दिलाय."

बाई आठवडाभर तळमळल्या. खरं सांगायचं तर त्यांना त्या माडीची धास्ती होती. दुसऱ्यांच्या गाडीत कोपऱ्यात बसून चर्चला जाणाऱ्या विधवा त्यांनी पाहिल्या होत्या. पण मनाला पटेलसं कारण माणसाला कधी कमी पडत नाही. हिस्सा सोडला तर बेनेबासकट बाकी सगळे हंफ्रीच्या हाती जातील. एका पोरीसाठी इतक्यांचा बळी कसा द्यायचा? डोळ्यांत पाणी आणून त्यांनी बेनेबाला हेच समजावलं. कारण खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकं सोयीचं होतं. बेनेबाने ऐकून घेतलं आणि ती चुलीकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून बाईंची बडदास्त वाढली. सकाळी आरारूटची खीर, दुपारी कबुतराचं सूप. वारा सुटला की बेनेबा हातातलं काम टाकून खिडकी लावायला येई. व्हरांड्याच्या ओल्या पायऱ्या उतरताना दोन बाया दोन्ही बाजूंनी धरत. बाईंना साधा खोकला आला तरी सगळं स्वयंपाकघर गप्प होई. बेनेबाने आपल्याला माफ केलं, असं वाटून बाईंचा जीव भांड्यात पडला.

तरी एका दुपारी त्यांना राहवलं नाही. "बेनेबा, तू रागावली नाहीस ना माझ्यावर?"

बेनेबा सूपाचा वाडगा घेऊन उभी होती. "रागावून कसं चालेल, बाईसाहेब? तुम्ही आहात तोवर डोल माझ्याजवळ आहे. तुम्ही गेलात की ती हंफ्रीसाहेबांची, ते विकतील तिथे जाईल." तिने शालीचं टोक बाईंच्या गळ्याशी नीट खोचलं. "भूक नसली तरी प्या."

बाईंना खरंच भूक नव्हती. त्यांना बेनेबाकडे बघवेना. त्यांनी वाडगा तोंडाला लावला, आणि तो रिकामा होईपर्यंत बेनेबा तिथून हलली नाही.