माझ्या नावावरचा ताल

मित्रांनो, शिंप्याच्या घरातल्या या काचेच्या कपाटात जे चकचकीत दिसते आहे ना, ते मीच. मी एक जुने, ताल वाजवणारे यंत्र आहे. थोडी बटणे, एक दिवा आणि पाठीमागे वायरीचे शेपूट, एवढाच माझा देह. घरात येणारा प्रत्येक जण माझ्याकडे कौतुकाने पाहतो. अशा वेळी मला पाठ फिरवता आली असती तर फार बरे झाले असते.

मी या घरात आले ते शिंप्याच्या मुलीमुळे. तिला सगळे ताई म्हणत. ती रॉक गाणी लिहायची आणि गायची, तिचा धाकटा भाऊ ड्रम वाजवायचा. गाणी चांगली होती, पण ऐकणारे हाताची घडी घालून नुसत्या माना डोलवायचे. ताईला लोकांचे पाय हलायला हवे होते. गिटार तशीच कडाडत ठेवायची आणि खाली नाचाचा ताल द्यायचा, असा अल्बम करायचे तिने ठरवले. म्हणून एका बंद पडलेल्या नाचघरातून तिने मला विकत आणले.

धाकट्याला माझा राग यायला हवा होता, पण तसे झाले नाही. वडिलांचे दुकान बंद झाले की शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो ड्रममध्ये चिंध्या कोंबायचा आणि माझ्यासोबत वाजवायचा. चुकला की स्वतःवरच हसायचा. "तुझं बरं आहे लेका, तुला घाम येत नाही," असे मला म्हणायचा.

आता घाई कशी नडते ते ऐका. मामांचा छापखाना त्या आठवड्यात रिकामा होता, म्हणून ताईने गाणी ध्वनिमुद्रित व्हायच्या आधीच अल्बमचे कव्हर छापून घेतले. बाजारात तुरी म्हणतात, त्यातलीच गत. कव्हरवर माझा मोठा फोटो, त्याखाली 'ताल : यंत्र', आणि धाकट्याचे नाव कोपऱ्यात, 'साहाय्य' म्हणून.

स्टुडिओत पहिलेच गाणे सुरू झाले आणि मी तापून मुके झाले. त्यांनी बटणे दाबली, मला थोपटले, एकाने तर फुंकरही घातली. माझे हूं नाही की चूं नाही. स्टुडिओ चारच दिवस मिळाला होता. धाकटा ड्रमपाशी जाऊन बसला आणि त्याने सगळीच्या सगळी गाणी वाजवली. इतकी नेमकी, की ध्वनिमुद्रकाने माझी वायर उपटलेली आहे ना, हे पुन्हा पाहून घेतले. फक्त प्रत्येक धृपदाआधी तो किंचित थांबायचा. जिना उतरताना पायरी चुकावी तसा ऐकणाऱ्याचा जीव खाली जायचा आणि मग ठोका पडायचा. मला ते सात जन्मांत जमले नसते.

अल्बम गाजला. एका वर्तमानपत्राने लिहिले, धृपदाआधी यंत्राने जो श्वास घेतला आहे, तो हाडामांसाच्या वादकाला सुचणेच शक्य नाही. ताई पोट धरून हसली. पुढच्या छपाईत दुरुस्त करू, असे तिने भावाला सांगितले. अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या माणसाला मात्र हसू आले नाही. लोक यंत्रासाठी येताहेत, दुसऱ्या अल्बमचे ठरेपर्यंत तोंड उघडू नका, असे त्याने बजावले. ताई मूग गिळून बसली. धाकटा म्हणाला, "राहू दे ताई. लोक नाचतायत ना, बास."

मग मला दुरुस्त करून कार्यक्रमात उंच स्टुलावर बसवू लागले. झगझगीत दिवा माझ्यावर, आणि धाकटा शेजारी उभा राहून बटण दाबणार. माझ्या ठोक्यांत तो श्वास नव्हता, तरी लोकांनी टाळ्या माझ्यासाठीच वाजवल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

एका रविवारी शिंप्याने घरी अल्बमची तबकडी लावली. दुसऱ्या अल्बमच्या कराराची सही दोन दिवसांवर आली होती. ऐकता ऐकता त्याचा पाय शिलाई मशीनवर असावा तसा हलू लागला. धृपद आले आणि त्याने डोळे मिटले. गाणे संपल्यावर मुलाकडे वळून त्याने विचारले, "यातलं तू काय वाजवलंस रे?"

धाकट्याने ताईकडे पाहिले. ताई रिकामे कप गोळा करायला लागली. माझ्या पोटातल्या सगळ्या तारा ओरडत होत्या, पण मी बोलूनचालून यंत्र.

"मी बटण दाबलं, बाबा."

शिंप्याने मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "अगदी वेळेवर दाबलंस हो," तो म्हणाला. त्या मायेची मला जेवढी लाज वाटली, तेवढी टाळ्यांचीही वाटली नव्हती.

दुसरा अल्बम खरोखरच माझ्या ठोक्यांवर निघाला आणि साफ पडला. का पडला ते ताईला ठाऊक होते, पण आता खरे सांगायला तोंड उरले नव्हते. ती परगावी नोकरीला गेली. धाकट्याने ड्रम विकले आणि तो वडिलांच्या दुकानात काजे करायला बसला.

शिंपी मात्र मला रोज पुसतो. अस्तराचा एक मऊ तुकडा त्याने माझ्यासाठी वेगळा ठेवला आहे. माझ्या मुलांचे नाव याने केले, असे तो गिऱ्हाइकांना सांगतो. कालही तो मला पुसत होता. धाकटा जेवणाची वाट पाहत टेबलावर बोटांनी तोच ताल वाजवत होता, धृपदाआधीच्या श्वासासकट. शिंप्याचा हात क्षणभर थबकला. आता तो ओळखेल, असे मला वाटले.

"टकटक थांबव रे जरा," शिंपी म्हणाला. "यंत्र पुसतोय."

धाकट्याने बोटे मिटली.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे शाळेच्या निबंधांत बोलणारी माझी भावंडे तुम्हाला नेहमी सांगतात. मी उलटे सांगते. माझ्यावर खुशाल धूळ साचू द्या. पण कधी या घरी आलात, तर धाकट्याला एवढे म्हणा, की थांबू नकोस, वाजव.