चौथा मुद्दा

कॉर्विन बल्टेमाला आयुष्यात एकच शब्द परत घ्यायला लावायचा होता. तो शब्द पाळक हार्लन व्रेडेवोग्ट यांच्या तोंडून गेला होता, म्हणून काम अवघड होतं. पाळकसाहेबांकडून काहीच परत येत नसे. मंडळीच्या सामायिक जेवणाला नेलेली भांडीसुद्धा खाली नावाची पट्टी चिकटवलेली असूनही त्यांच्याच स्वयंपाकघरात पेन्शनीत निघायची.

शब्द होता 'निष्काळजी'.

कॉर्विनचा थोरला भाऊ अर्डेल खुर्च्यांच्या कारखान्यात प्रेसवर होता आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. अकरा वर्षं. मग एका मार्चच्या अखेरीस प्रेसनं त्याच्या उजव्या हाताची चार बोटं नेली. कारण साधं होतं. प्रेसचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी, काढून ठेवलेलं होतं, कारण गार्डामुळे तासाला बावीस खुर्च्या कमी निघतात असा हिशेब मालक रोलंड झायलस्ट्रानं मांडला होता. रोलंड हा मंडळीचा मुख्य पंचही होता. त्यामुळे पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना केली, "प्रभू, आमच्या अर्डेलबंधूंचा निष्काळजीपणा दूर कर. निष्काळजी माणसालाही तू जवळ करतोस." सगळ्यांनी आमेन म्हटलं. अर्डेल हॉस्पिटलात असल्यामुळे त्याला म्हणता आलं नाही.

ऑर्गन रोलंडच्या सुनेकडे गेला. तिला तीन चाली येत. दोन नाताळच्या होत्या. गावानं त्या वर्षी ईस्टरला नाताळ साजरा केला.

न्यूलँड गाव लहान, निम्मं गाव त्याच कारखान्यात कामाला. कोण काय बोलणार? कॉर्विन बोलला नाही, त्यानं अल्बम काढला.

त्याचा बँड होता, 'सातपट भट्टी', बायबलातल्या सातपट तापवलेल्या भट्टीवरून ठेवलेलं नाव. बँडमध्ये कॉर्विन आणि एक टेपरेकॉर्डर. इंडस्ट्रियल रॉक म्हणजे यंत्रांच्या आवाजाला गिटारच्या किंकाळ्या जोडून केलेलं संगीत. ते ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात, मेंढपाळाच्या चित्रांशेजारी विकायचं, हे १९९४ सालीही धाडसच होतं. कॉर्विननं जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या प्रेसचा आवाज पकडला, तो ठेका. अर्डेल शाळेतल्या जुन्या ऑर्गनवर बसला आणि पायांखालच्या पट्ट्यांवर खालचे सूर वाजवू लागला.

"हात नाही तर पाय," अर्डेल म्हणाला. "पाय मोजून दोन आहेत, कारखान्यानं अजून मागितले नाहीत."

अल्बमचं नाव 'पांढरी थडगी', येशूनं ढोंग्यांना दिलेली उपमा. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं सात मिनिटांचं, 'गार्ड'. त्यात अर्डेल आपल्या कामाच्या पाळीची वही वाचतो, किराण्याची यादी वाचावी तशी. "नऊ फेब्रुवारी. गार्ड काढलं. हुकूम रोलंड झायलस्ट्राचा." मग प्रेस दणकन पडतो आणि पाळकसाहेबांचा आवाज येतो, "निष्काळजी!" तो चर्चच्याच टेपवरून घेतलेला. "अकरा फेब्रुवारी. गार्ड बसवा म्हणून सांगितलं. रोलंड म्हणाले, नंतर." दणका. "निष्काळजी!" असं सदतीस वेळा.

पाळकसाहेबांनी ते एकदा ऐकलं आणि तीन काउंट्यांतल्या प्रत्येक ख्रिस्ती दुकानाला फोन केला. पुलपीटची, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठाची, विटंबना, सैतानी गोंगाट, मुलांचे कान. आठवडाभरात अल्बम सगळ्या फळ्यांवरून उतरला. परत कुठं पाठवायचा हे दुकानांना कळेना, म्हणून त्यांनी खोकी सरळ चर्चलाच पाठवली. चारशे बारा कॅसेटी.

पंचांची बैठक तळघरात बसली. तरुण संघाच्या प्रमुखानं जाहीर होळी सुचवली.

"होळी?" रोलंड झायलस्ट्रा म्हणाला. "चांगल्या कॅसेटी जाळायच्या?"

"पंच, यांवर सैतानी—"

"सैतान पुसता येतो. कॅसेट कुठून आणायची?"

न्यूलँडच्या माणसाला सैतानाची भीती आहे, पण उधळपट्टीची जास्त आहे. हे लोक जिलेटिनच्या सॅलडचा डबा धुऊन त्यात खिळे ठेवतात, खिळे संपले की पुन्हा सॅलड करतात.

शेवटी ठरलं. अंथरुणाला खिळलेल्या, घराबाहेर न पडणाऱ्या वृद्धांना दर आठवड्याला उपदेशाची टेप जातेच. ती या कॅसेटींवर भरायची. वरच्या कोपऱ्यातल्या खाचेवर चिकटपट्टी लावली की कोणतीही कॅसेट पुन्हा भरता येते. आणि भरणार कोण, तर कॉर्विन. पश्चात्ताप म्हणून. त्यानंच आपल्या हातानं आपलं पाप पुसायचं.

"शिक्षा बरोबर बसली," पाळकसाहेब म्हणाले. "करशील ना, कॉर्विन?"

कॉर्विननं मान खाली घातली. खाली घातलेली मान पाहून पंचांना बरं वाटलं. तो खरं तर खोक्यावरचा आकडा वाचत होता.

टेपच्या खोलीत रोलंडनं स्वतःच्या अक्षरात सूचना लावली. एक, पहिल्या बाजूला सकाळचा उपदेश. दोन, दुसऱ्या बाजूला संध्याकाळचा. तीन, उपदेश संपताच मशीन बंद करावं, वीज वाया घालवू नये. चार, स्वतःचं डोकं चालवू नये.

कॉर्विननं ती सूचना तीनदा वाचली. इतकी सुंदर कविता त्याला कधी सुचली नव्हती.

संध्याकाळचा उपदेश लांबायचा, दुसरी बाजू पूर्ण पुसली जायची. सकाळचा मात्र बावीस मिनिटं, एक सेकंद कमी नाही, जास्त नाही. कारण तेविसाव्या मिनिटाला खाली कॉफी तयार व्हायची. उपदेशाला तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक पेपरमिंटची गोळी. पहिला मुद्दा सुरू झाला की सगळ्या बाकांवर कागदाची कुरकुर, दुसऱ्याला पुन्हा, तिसऱ्याला पुन्हा. तिसरी गोळी विरघळली की आमेन. अल्बमची पहिली बाजू होती एकोणतीस मिनिटांची.

कॉर्विननं बावीस मिनिटं उपदेश भरला. उपदेश संपताच मशीन बंद केलं. वीज वाचली. डोकं चालवलं नाही. चाळीस कॅसेटी टपालात पडल्या, आणि प्रत्येकीत आमेननंतर सात मिनिटं शिल्लक होती.

मंगळवारी पाळकसाहेबांच्या खोलीतला फोन वाजला. टेपची खोली शेजारीच होती, मधली भिंत पुठ्ठ्याची होती आणि पाळकसाहेब फोनवरसुद्धा मागच्या बाकापर्यंत पोचेल असं बोलत.

"मिसेस स्खिपर! काय म्हणते कंबर? ... चौथा मुद्दा?"

कॉर्विनच्या हातातली चिकटपट्टी थांबली. आता पकडलं.

"आवडला?" पाळकसाहेब म्हणाले. मग खालच्या पट्टीत, "छे छे. माझं काय त्यात. प्रभूचीच कृपा."

फोन ठेवून ते दारात आले. "कॉर्विन, परवा मी किती मुद्दे सांगितले?"

"मी कुठं मोजतो, पाळकसाहेब. मी पुसत होतो."

"मिसेस स्खिपर म्हणतात चौथा सगळ्यात जोरदार होता." ते छताकडे बघत राहिले. "कधी कधी आपण बोलतो त्यापेक्षा जास्त पोचतं."

"पोचतंय खरं," कॉर्विन म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात सहा फोन आले. एका आजोबांना पाळकसाहेबांचा आवाज इतका दणदणीत कधी वाटला नव्हता, त्यांच्या कपाटातल्या बशा हलल्या. एका बाईंनी तक्रार केली की तीन गोळ्यांत आता भागत नाही, टेपबरोबर चौथी पाठवा. पाळकसाहेबांनी सगळ्यांचे आभार मानले. आपली टेप ऐकायची त्यांना सवय नव्हती, आपण काय बोललो हे त्यांना पाठ होतं.

कॉर्विनला वाटलं होतं, आपण पाळकाला फजीत करू. पाळक तर फुलत चालला होता. रात्री जेवताना तो अर्डेलला म्हणाला, "आपला सूड त्याला मानवतोय. वजन वाढलंय त्याचं."

"वाढू दे," अर्डेल डाव्या हातानं बटाटा कुस्करत म्हणाला. "उंच चढवल्याशिवाय पाडता येत नाही. प्रेसचं तेच तत्त्व आहे."

तिसऱ्या रविवारी पाळकसाहेब पुलपीटवरून म्हणाले, "आपल्यातल्या घरबसल्या बंधुभगिनींना माझ्या चौथ्या मुद्द्यानं मोठा आशीर्वाद मिळतोय. तो मुद्दा मी मनापासून देतो." बाकांवरच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना तीनच मिळत होते. आजारी पडल्याशिवाय चौथा मिळत नाही, अशी समजूत गावात त्याच दुपारी पसरली.

कॉर्विननं तेही वाक्य टेपवर पकडलं होतं. चर्चच्या मागच्या बाजूला, काचेमागच्या टेपच्या खोलीत बसून त्यानं पहिल्यांदाच खाचेचा तुकडा मोडला, म्हणजे ती टेप कुणाला पुसता येऊ नये.

त्या चाळीस कॅसेटींतली एक तान्ते दीनकडे जायची. अल्बर्डिना झायलस्ट्रा, वय अठ्ठ्याऐंशी, रोलंडची आई. सगळं गाव तिला तान्ते, म्हणजे मावशी, म्हणायचं आणि तिच्या दारावरून वाकून जायचं. सहा वर्षांत ती घराबाहेर पडली नव्हती. ऐकायला कमी यायचं, म्हणून टेप पूर्ण आवाजात लावून, खिडकी उघडून ऐकायची. समोरच्या घरातला कुत्रा दर गुरुवारी तळघरात जाऊन बसू लागला होता.

चौथ्या रविवारी तान्ते दीन चर्चला आली. चाकांच्या खुर्चीत, काळ्या हॅटमध्ये, खुर्ची ढकलायला अर्डेल. डाव्या हातानं आणि उजव्या मनगटानं. कॉर्विनला हे ठाऊक नव्हतं. त्यानं काचेमागून भावाकडे पाहिलं, भावानं खांदे उडवले. तान्तेनंच निरोप धाडून बोलावलं होतं त्याला.

पहिला मुद्दा झाला, पहिली गोळी. दुसरा, दुसरी. तिसरा, तिसरी. पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं, खालून कॉफीचा वास आला, लोक उठायला लागले.

तान्ते दीननं बटव्यातून चौथी गोळी काढली. कागद सोडवायला तिला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळं चर्च अर्धवट उठलेल्या स्थितीत थांबलं.

"हं," ती गोळी गालात सरकवत म्हणाली. "चौथा सांगा."

"तान्ते, आज एवढंच—"

"घरी पाठवता आणि इथं चोरता? मी त्यासाठी आलेय." ती बाकांकडे वळली. "तुम्ही ऐकलाय का? नसेल. तुम्हाला तीनच देतात का हो? तुमचा पाळक धीट माणूस आहे. तोंडावर नाव घेतो. नऊ फेब्रुवारी, गार्ड काढलं, हुकूम रोलंडचा. आणि मग हे म्हणतात, निष्काळजी! अकरा फेब्रुवारी, रोलंड म्हणाले नंतर. निष्काळजी! माझ्या पोटच्या मुलाला, मुख्य पंचाला, सदतीस वेळा! मी मोजलं. माझ्या नवऱ्याच्या हयातीत एवढी हिंमत कुणी दाखवली नव्हती."

रोलंड झायलस्ट्राच्या कॉलरच्या वरचा भाग हळूहळू बीटाच्या रंगाचा झाला. "आई, ते उपदेशात नाही. ते त्या कार्ट्याचं गाणं—"

"गाणं?" तान्ते म्हणाली. "पाळकांचा आवाज मी ओळखत नाही होय? आणि गेल्या रविवारी यांनी इथूनच सांगितलं ना, मनापासून देतो म्हणून? ते तरी टेपवर स्वच्छ होतं." ती पाळकांकडे वळली. "तुमचा आहे ना मुद्दा?"

पाळकसाहेबांनी आधी रोलंडकडे पाहिलं. मग ऑर्गनकडे. मग मागच्या काचेकडे, जिथं कॉर्विन बल्टेमा एक हात बटणावर ठेवून, अत्यंत आज्ञाधारक चेहऱ्यानं बसला होता. मागच्या भिंतीवरचा, टेप भरत असल्याचा तांबडा दिवा अजून चालू होता. उपदेश संपला नव्हता, मग मशीन कसं बंद करणार? सूचना क्रमांक तीन.

मुद्दा माझा नाही म्हणावं, तर महिनाभर घेतलेले आभार खोटे, आणि पुलपीटवरून बोललेलं वाक्यही. माझा म्हणावं, तर रोलंड समोर बसलाय. कॉर्विनला काचेतूनही दिसलं, माणूस दोन्हीकडून दाबला जातोय आणि मध्ये गार्ड नाही.

"माझा... आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"मग पूर्ण करा. टेपवर एक गोष्ट राहते दर वेळी. मालक निष्काळजी, हे कळलं. ज्याची बोटं गेली, तो कसा होता?"

कॉफी खाली उकळून उकळून कडू झाली असावी.

"अर्डेल बल्टेमा," पाळकसाहेब पुटपुटले, "निष्काळजी नव्हता."

तान्ते दीननं कानातलं यंत्र काढलं, रुमालानं पुसलं आणि मांडीवर ठेवून दिलं.

"ऐकू आलं नाही."

"अर्डेल बल्टेमा निष्काळजी नव्हता."

"मोठ्यानं. मागं मिसेस स्खिपर बिछान्यात पडल्यात, त्यांच्यापर्यंत जायचंय."

"अर्डेल बल्टेमा निष्काळजी नव्हता!"

"रोलंड, तुला आलं का ऐकू?" रोलंड बुटांकडे बघत होता. "त्यालाही नाही आलं. आमच्या घरात कान वाईटच. पुन्हा एकदा."

"अर्डेल बल्टेमा निष्काळजी नव्हता!!"

बाकांमागच्या काचा थरथरल्या. चार वेळा झालं. अर्डेलनं चौथ्यानंतर मान डोलावली, जणू हिशेब जुळला.

"आमेन," तान्ते म्हणाली. तिनं यंत्र परत कानात घातलं आणि मुलाकडे बोट केलं. "ते गार्ड एक्कावन्न साली मी पिवळं रंगवलं होतं. कारखाना अजून माझ्या नावावर आहे. उद्या सकाळी मी येतेय, अर्डेल ढकलेल. मला पिवळं दिसलं पाहिजे."

मग शेवटचं गीत होतं. रोलंडची सून पळून स्वयंपाकघरात गेली होती, ऑर्गनवर कुणी नव्हतं. अर्डेल जाऊन बसला, बूट काढले आणि पायांनी खालचे सूर लावले. वरची चाल नव्हतीच, नुसता जमिनीखालून गडगडाट. मंडळीला त्यावर गाता येईना, पण थांबायची हिंमतही होईना. पाळकसाहेब पुलपीट धरून उभे होते. कॉफीला उशीर झालेला तो पहिला रविवार.

काचेमागे कॉर्विननं मशीन बंद केलं. उपदेश संपला होता. त्यानं टेप थोडी मागे नेऊन कानाला लावली. चारी वाक्यं स्वच्छ आली होती, चौथं तर सुरेख फाटलं होतं. खोक्यात अजून अडीचशेवर कॅसेटी पडल्या होत्या.

त्यानं चिकटपट्टी घेतली आणि कामाला लागला. पश्चात्ताप पुरा करायचा होता.