पहिल्या बोर्डावरचं गंध

“मशीनला नवरी केलंय की काय!” बुआलॉय दारातूनच ओरडली. “हार काय, गंध काय, सोन्याचा वर्ख काय! माझ्या लग्नातसुद्धा एवढा थाट नव्हता.”

“तुझ्या लग्नात नवराच उशिरा आला होता, थाट कुठून येणार?” सेंगदा म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसली. सकाळपासून तिचं हे असंच चाललं होतं. चिकट भाताचा एक घास धड घशाखाली उतरला नव्हता आणि पाय जमिनीवर ठरत नव्हते.

थायलंडमधल्या लांपूनच्या एका कारखान्यातल्या लेपखोलीत आज लेप लावणारं मशीन सुरू होणार होतं. दमट हवा आणि धूळ बाधू नये म्हणून सर्किट बोर्डावर पारदर्शक लेप द्यायचा, पण जिथे वायर खोचायची ते कनेक्टर मात्र अगदी कोरडे ठेवायचे. हे काम आजवर सहा बायका ब्रशने करत आल्या होत्या. सेंगदा त्यांतली थोरली, म्हणून सगळे तिला ‘पी सेंगदा’, म्हणजे सेंगदाताई, म्हणत. तिचा ब्रश कनेक्टरच्या कडेला जाऊन अलगद उठे आणि तिथे लेपाची एक बारीक शेपटी राही. जांभळ्या दिव्याखाली लेप निळा चमकतो. त्या उजेडात शेपट्या बघून कोणता बोर्ड कोणाच्या हातचा, हे बायका न विचारता सांगत.

पण गेल्या सोंगक्रानच्या सणापासून सेंगदाचा उजवा हात थरथरू लागला होता. शेजारी बसणाऱ्या बुआलॉयशिवाय हे कोणाला ठाऊक नव्हतं. सेंगदाचे बिघडलेले बोर्ड ती गुपचूप पुसून पुन्हा रंगवायची, आणि उपकार वाटू नयेत म्हणून वर टोमणेही मारायची. पण असं झाकून किती दिवस चालणार? कारखान्याचे मॅनेजर विचियन साहेबांनी सांगून ठेवलं होतं: जपानी गिऱ्हाइकाने मशीन पास केलं तर ते सेंगदाने चालवायचं, बाकीच्या पाचजणींनी जुळणीच्या खोलीत जायचं. नापास झालं तर मशीन अयुथयाच्या शाखेला, आणि इथे पुन्हा ब्रश. ब्रश हातात आला की आज ना उद्या घरी बसायची पाळी येणार, हे सेंगदा ओळखून होती. म्हणून मशीन बसवणाऱ्या तरुण इंजिनियर पॉन्डने शिकवलेलं तिने असं घोटलं होतं की ती झोपेतही बटणं दाबते, अशी तिच्या नवऱ्याची तक्रार होती.

विहारातले थोरले भिक्खू मंत्र म्हणून, मशीनच्या दारावर पांढऱ्या गंधाचे तीन ठिपके काढून गेले. वाटीत थोडं गंध उरलं. पाहुण्यांची गाडी आली म्हणून सगळे फाटकाकडे धावले आणि खोलीत सेंगदा एकटीच राहिली. आता मंतरलेलं गंध काय मोरीत ओतायचं? नव्या गाडीला लावतात, नव्या दुकानाला लावतात, मग पहिल्या बोर्डाने काय घोडं मारलंय? तिने करंगळी बुडवली आणि बोर्डाच्या कोऱ्या कोपऱ्यात तीन चिमुकले ठिपके लावले. तिसऱ्याच्या वेळी हात थरथरला आणि तो जरा बाजूला गेला. गेला तर गेला, देवाला चालतं.

जपानहून आलेले ओकुमुरा साहेब मशीनसमोर उभे राहिले. सेंगदाने बटण दाबलं. बोर्ड आत सरकला, लेपाची तोटी झरझर खाली आली आणि कनेक्टरांना वळसे घालत अशी काही फिरली की बुआलॉयचा आ वासलेलाच राहिला.

“बाई गं! आपण इतका वेळ नुसतं थिनर हुंगत बसलेलो असतो!”

बोर्ड बाहेर आला. पॉन्डने तो जांभळ्या दिव्याखाली धरला आणि त्याचा चेहरा पडला. सगळा लेप नखभर सरकला होता. कनेक्टर निळे झाले होते.

“प्रोग्रॅम तूच लिहिलास ना?” विचियन साहेबांनी विचारलं. आवाज खालचाच होता, पण कान लाल झाले होते.

“काल सगळे बोर्ड बरोबर आले होते, साहेब. शपथ!”

“शपथा नकोत. अयुथयाला फोन लावा.”

पॉन्डला घाम फुटला. सेंगदाची नजर पडद्यावर गेली. बोर्ड कसा ठेवलाय हे कळायला मशीनचा कॅमेरा आधी कोपऱ्यातला तांब्याचा गोल ठिपका शोधतो. त्याने शोधला होता, भोवती हिरवं कडंही काढलं होतं. फक्त तो ठिपका तांब्याचा नव्हता. पांढरा होता.

गप्प बसावं तर मशीन जाणार आणि पोराच्या डोक्यावर खापर फुटणार. बोलावं तर बोर्डाला गंध लावणाऱ्या बाईच्या हाती मशीन कोण देणार?

“साहेब, पॉन्डची काही चूक नाही,” ती म्हणाली. “गंध मी लावलं.”

“कुठे?”

“बोर्डाला.”

“बोर्डाला?”

“पहिला होता ना, साहेब.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. पॉन्डने झडप घालून बोर्ड उचलला, मोजपट्टी लावली आणि जागच्या जागी उडीच मारली. “साहेब, हे बघा! तांब्याच्या ठिपक्यापासून गंध जितकं बाजूला आहे, तितकाच लेप बाजूला गेलाय. केसाचाही फरक नाही!”

ओकुमुरा साहेबांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग मोडक्यातोडक्या थाईत म्हणाले, “मशीन नाही चुकलं. दुसरा बोर्ड आणा.”

सेंगदा पुढे झाली.

“तू थांब,” विचियन साहेब म्हणाले. “बटण दुसरं कोणीतरी दाबेल.”

ती मागे सरली. डोळे भरून आले, तेव्हा तिने मुद्दाम छताकडे पाहिलं.

“साहेब,” बुआलॉय म्हणाली, “ही आता मरेपर्यंत बोर्डाला गंध लावणार नाही. आमची बाकीच्यांची हमी मात्र मी देत नाही.” आणि तिने खिशातून मोगऱ्याचा छोटा हार काढून दाखवला. “हा मी दुसऱ्या बोर्डासाठी ठेवला होता.”

आधी ओकुमुरा साहेब हसले. मग विचियन साहेबांनाही हसावंच लागलं. “दाब बाई, तूच दाब,” ते म्हणाले.

सेंगदाने बटण दाबलं. बोट थरथरत होतं, पण त्या घटकेला खोलीत सगळ्यांचेच हात थरथरत होते. दिव्याखाली दुसरा बोर्ड निळा उजळला आणि कनेक्टर काळेभोर, कोरडे राहिले. बायकांनी आरडाओरडा केला. पॉन्डने दोन्ही हात जोडून आधी सेंगदाला आणि मग मशीनला नमस्कार केला. सेंगदा लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती. राहिलं! मशीन इथेच राहिलं, आणि तीही!

दुपारी पाचजणींनी आपापले डबे उचलले. जाता जाता बुआलॉय दिव्यापाशी थांबली. तिथे मशीनचे बोर्ड ओळीने मांडले होते. तिने एक उचलला, फिरवून पाहिला.

“हा कोणाच्या हातचा गं?” ती म्हणाली.

सेंगदाने वाकून पाहिलं. कडा सुतात होत्या, शेपटी कुठेच नव्हती. बुआलॉयने बोर्ड होता तिथे ठेवला, सेंगदाच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि गेली.

मशीन आपलं काम करत होतं. सेंगदाने बोर्ड सरळ करायला दिव्याखाली हात नेले, तर बोटांच्या टोकांशी निळ्या रेघा चमकल्या. हातमोजे घालूनही इतक्या वर्षांत नखांत शिरलेला लेप होता तो. ती हात तसेच धरून बघत राहिली. नखं वाढत जातील तसा तो पुढे सरकेल, आणि एखाद्या रविवारी अंगणात बसून ती तो कापून टाकील.