स्वागतोत्सुकांच्या तिसऱ्या रांगेत

निकेशला पळस्प्याच्या संघाला दिलं ही कबड्डी मंडळाची चूक होती की शहाणपणा, यावर शिरढोणच्या अलीकडच्या त्या गावात दोन वर्षं वाद चालू होता. बाकीचे अधूनमधून दमायचे, पण कमळाकर म्हात्रे दमत नव्हता. दमणार कसा? निकेश त्याचाच मुलगा. शिवाय कमळाकरला दुसरा उद्योग नव्हता. जमीन गेली, तिच्या बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर इमारत उभी राहिली आणि खालचे गाळे भाड्याने गेले. त्यातल्या नाक्यावरच्या हार्डवेअरच्या गाळ्यासमोर खुर्ची टाकून तो संध्याकाळी बसायचा. काम नाही, पण फुरसतही नाही, अशी त्याची गत.

झालं होतं असं. गावच्या कबड्डी संघात चढाईला जाणारे ढीगभर होते आणि पकड करणारा धड एकही नव्हता. पळस्प्याच्या संघाचं नेमकं उलटं. एका हळदीच्या मांडवात दोन्ही मंडळांचे अध्यक्ष शेजारी शेजारी बसले, डीजेच्या दणदणाटात एकमेकांच्या कानात ओरडून बोलले आणि दोन हंगामांची अदलाबदल ठरवूनच उठले. आपला निकेश तिकडे, त्यांचा भरत इकडे. ते लग्न पुढे मोडलं, अदलाबदल मात्र टिकली.

भरत कर्नाळ्याच्या डोंगराखालच्या वाडीतला. बाप गोमा कधी वीटभट्टीवर, कधी बांधकामावर. सराव संपेपर्यंत वाडीकडे जायला गाडी उरायची नाही, मग पोराने जेवायचं कुठे आणि पाठ टेकायची कुठे? गावाची जुनी रीत होती की बाहेरून आणलेला खेळाडू ज्याच्या जागी खेळतो, त्याच्याच घरी जेवतो आणि झोपतो. त्या रीतीने भरत म्हात्र्यांच्या घरी जेवू लागला. निकेश पळस्प्याहून सराव करून यायचा, भरत गावच्या मैदानावरून, आणि दोघं ताटाला ताट लावून बसायचे. जेवण झालं की गच्चीवर जायचे. मग वरून धप्प धप्प आवाज यायचे. "हत्ती पाललेत का घरात?" असं कमळाकर ओरडायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा.

म्हणजे मौज बघा. संध्याकाळी नाक्यावर हाच गृहस्थ म्हणायचा, "सोन्यासारका पोर दिला, आनि बदल्यात काय आनला?" आणि तासाभराने त्याच 'काय'च्या ताटात स्वतःच्या हाताने जिताडा माशाची तुकडी वाढायचा. त्यात काही वावगं आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. नाक्यावरचं बोलणं संघाबद्दल, घरचं जेवण पोराबद्दल, असा त्याचा साधा हिशेब. पोराला कान असतात, एवढं मात्र त्याच्या हिशेबात नव्हतं.

नाक्यावर त्याच्या विरुद्ध बाजूला परेश असायचा. परेश मंडळाचा चिटणीस, धंद्याने जागांचा एजंट, त्यामुळे न पटणारी गोष्ट पटवायची त्याला सवय होती.

"काका, भरत येन्याआदी आपन पयल्या फेरीत घरी यायचो. आता दोन वर्सं आपन शेवटच्या दिवसापर्यंत मैदानात असतो. ते कुनामुळं?"

"नशिबामुळं."

"नशीब नाय, ते भरतनं धरलेले पाय हायेत."

"पाय धरनं हा काय खेल झाला? निकेशची चढाई बगायला लोकं गाडी बाजूला लावून उतरतात. पकड बगायला कोन उतरतो?"

मग बाकावरचे दाजी, ज्यांनी तरुणपणी मातीवर दोन्ही गुडघे घालवले होते, ते काठी आपटून विचारायचे, "मंग पस्तावलो का आपन?"

"पस्तावलो!" कमळाकर म्हणायचा.

"नाय!" परेश म्हणायचा.

आणि सभा उद्यावर जायची. कमळाकरला फार काही नको होतं. गावाने एकदा, फक्त एकदा, मोठ्याने म्हणावं की कमळाकरच्या पोराला देऊन आम्ही चुकलो. ते ऐकलं की तो सुखाने डोळे मिटायला तयार होता.

दुसरा हंगाम संपत आला. शेवटची स्पर्धा गावच्याच मैदानात, आणि रविवारच्या अंतिम सामन्यात आपल्यासमोर पळस्पेच आलं. सामन्यानंतर मंडळ बसणार होतं आणि निकेशला परत घ्यायचं की नाही हे ठरवणार होतं. कमळाकरने ठरण्याची वाट बघितली नाही. आमच्या भागात वाट बघण्याआधी फ्लेक्स लावतात. बारसं, वाढदिवस, नवी गाडी, काहीही असो, आधी फ्लेक्स लागतो, मग गोष्ट घडते. शुक्रवारी सकाळी नाक्यावर दोन विजेच्या खांबांना ताणून फ्लेक्स बांधला गेला. 'गावाचा वाघ गावात परत! निकेश म्हात्रे यांचे हार्दिक स्वागत.' मधोमध गॉगल लावलेला निकेश, कोपऱ्यात फोन कानाला लावलेला कमळाकर, आणि खाली रांगांनी स्वागतोत्सुक. फोटो कमी पडतील म्हणून कमळाकरने फ्लेक्सवाल्याला संघाचा अख्खा फोटोच पाठवून दिला होता. फ्लेक्सवाल्याने त्यातलं एकेक डोकं कापून ओळीने चिकटवलं. तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरा, हसरा चेहरा भरतचा होता.

म्हणजे स्वतःच्याच जागी दुसऱ्याचं स्वागत करायला भरत उत्सुक. हे दिवसभरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. कमळाकर तर तीन वेळा रस्ता ओलांडून फ्लेक्स लांबून बघून आला, पण दर वेळी त्याची नजर स्वतःच्या फोटोवरच गेली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याची बायको गोदू ओट्याशी पाठ करून उभी होती. पोरांच्या जेवायच्या जागी एकच ताट मांडलेलं, आणि पाटावर संघाची जर्सी, धुऊन, घडी घालून.

"भरत आयला नाय?"

"आयला होता. जर्सी ठेवून गेला." गोदू वळली. तिचे डोळे लाल होते. "म्हनाला, काकी, निकेशदादा येतोय ना आता, मंग माझं काम झालं. दोन वर्सं तुमच्या हातचं खाल्लं, ते कदी इसरनार नाय. आनि पाया पडला. पानी पन घेतलं नाय. जाताना म्हनतो, काकांनी माझा पन फोटो लावलाय."

कमळाकर शेजारच्या पाटावर बसला. "पन मी ते... मंडळ अजून बसलं नाय."

"ते तुमाला म्हाईत. त्याला कोन सांगनार? तो बिचारा फ्लेक्स वाचतो. अवो, ज्याला काडायचं त्यालाच स्वागताला उभा केलात!"

तेवढ्यात निकेश आला. त्यानेही येताना फ्लेक्स पाहिला होता. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती, पण त्या दिवशी त्याने चप्पलही काढली नाही.

"बाबा, मला विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? आपला गाव."

"गाव आपला, म्हणूनच मी इथं कच्चा राहिलो. कमळाकरचा पोरगा म्हणून मला कोणी कधी बाहेर बसवलं नाही, चुकलो तरी कोणी बोललं नाही. पळस्प्याला पहिला महिना मी बाकावर होतो, ते तुम्हाला सांगितलंच नाही मी. आणि लोकं गाडी थांबवून बघतात ती चढाई मी कुठं शिकलो माहितीये? आपल्या गच्चीवर. भरत रोज मला पकडायचा आणि मग सांगायचा, दादा, वळायच्या आधी तुझा डावा खांदा पडतो, म्हणून कळतं. तो खांदा पडायचा थांबेपर्यंत त्यानं मला सोडलं नाही."

कमळाकरने वर, छताकडे बघितलं. दोन वर्षं त्या धप्प धप्पवर तो टीव्हीचा आवाज वाढवत आला होता. त्याला एकाएकी फार लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग दुसरंच काहीतरी भरून आलं. ज्या पोराबद्दल आपण नाक्यावर 'काय आनला' म्हणत होतो, त्याने आपल्या घरात राहून आपलाच पोर घडवला, आणि आपण त्याला साधं 'बरं केलंस बाबा' एवढंही म्हटलं नाही.

सकाळी उजाडल्यावर त्याने स्वतः शिडी लावून फ्लेक्स सोडला. नाक्यावर परेश होता, दाजी होते, पण कमळाकरच्या चेहऱ्याकडे बघून कुणी चेष्टा केली नाही. फ्लेक्सची गुंडाळी आणि जर्सी गाडीत टाकून तो वाडीवर गेला.

गोमा अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. त्याने घाईने खाट झटकली. कमळाकर कसं बोलायचं ते वाटेत घोकून आला होता, पण आधी गोमाच बोलला.

"शेठ, मीच येनार होतो तुमच्याकडं. पोराला दोन वर्सं घरच्यासारका ठेवलात. आमची ललिता रोज म्हनते, भरत परका नाय तिकडं. लई उपकार."

घोकलेलं सगळं कमळाकर विसरला. भरत घरातून बाहेर आला तशी त्याने जर्सी पुढे केली.

"उपकार माझे नायत, गोमा. तुझ्या पोराचे हायेत. माज्या घरात जेवला आनि माज्याच पोराला शिकवलान, आनि मला आंधल्याला दिसला नाय. भरत, त्या फ्लेक्सचं मंडळाला काय ठाव नाय. ती माजी अक्कल. तुजी जागा तुजीच हाय. उद्या ये." मग रागाने, म्हणजे स्वतःवरच्या रागाने, त्याने गुंडाळी उलगडली. "हे मी आता तुज्यासमोर फाडतो."

"नको, काका!" भरतने दुसरं टोक धरलं. "फाडू नका. माझा फोटो हाय त्याच्यावर."

कमळाकर थांबला.

"फ्लेक्सवर पयल्यांदाच आला माझा फोटो," भरत जरा लाजून म्हणाला. "आईला दाखवायचाय."

तिघांनी मिळून फ्लेक्स अंगणात पसरला. ललिता हात पुसत बाहेर आली आणि वाकून तिसऱ्या रांगेत लेकाला शोधू लागली. सापडल्यावर तिने त्या चेहऱ्यावरची धूळ पदराने पुसली. गोमा म्हणाला, सरपणावर घालायला कापड पक्कं आहे, पण फोटोचा भाग आतल्या बाजूला ठेवू, उन्हाने उडायला नको. कमळाकरने वाकून तो भाग स्वतःच आत दुमडला.

रविवारी संध्याकाळी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. गोदूने रीतीप्रमाणे गावच्या संघाला ओवाळलं आणि मग, रीत नव्हती तरी, ताट घेऊन पळस्प्याच्या बाजूला जाऊन निकेशलाही ओवाळलं. सामना शेवटपर्यंत चुरशीचा झाला. शेवटच्या चढाईच्या वेळी गाव एका गुणाने पुढे होतं आणि चढाईला आला तो निकेश.

निकेशने एकाला हूल दिली, दुसऱ्याला बोट लावलं आणि मध्यरेषेकडे वळला. खांदा जराही पडला नाही. डाव्या कोपऱ्यातून भरत सरपटत आला आणि त्याने घोटा धरला. निकेश ओढत निघाला. रेषा हातभर राहिली.

"धर! सोडू नको भरत! धर माज्या वाघा!"

सगळ्या मैदानाने वळून बघितलं. खुर्चीवर उभा राहून कमळाकर ओरडत होता, टोपी कुठच्या कुठे गेली होती. भरतने सोडलं नाही. बाकीचे येऊन पडले, शिट्टी वाजली, आणि ढिगाऱ्याच्या तळातून निकेशचा हसण्याचा आवाज आला. "लेका, आज कसं कळलं तुला?" तो खालून विचारत होता.

मंडळाची बैठक मैदानातच उभ्या उभ्या झाली. निकेशने पळस्प्यालाच राहायचं म्हटलं आणि भरतला सोडायचा विषय कुणी काढलाच नाही.

सोमवारी संध्याकाळी नाक्यावर खांब रिकामे होते. कमळाकर खुर्चीवर बसला होता. शेवटी दाजींनी काठी आपटली.

"मंग कमळाकर, पस्तावलो का आपन?"

कमळाकरने रस्त्याकडे बघितलं. पळस्प्याच्या बाजूने निकेश मोटारसायकलवर येत होता, आणि मैदानाच्या वळणावर थांबून भरतला मागे घेत होता.

"एक पोर दिला, दाजी," तो म्हणाला, "आनि घरात दोन झाले. पस्तावू कशाला?" एवढं बोलून तो उठला. गोदूने जिताडा आणला होता, आणि मधली तुकडी आज कुणाला वाढायची ते त्याने ठरवलं होतं.