कुतुबुद्दीन मिस्त्रींचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोणी आहे. गुरांनी माझ्यातलं पाणी कधी चाखलं नाही, ते लोखंडानं प्यायलं. सांगलीला मिरज रस्त्यालगत ऊसतोडीचे कोयते बनवणारा एक छोटा कारखाना होता. तिथं भट्टीशेजारी माझी जागा होती. लाल तापलेला कोयता माझ्यात बुडवायचा, नेमक्या क्षणी उचलायचा, धारेवर उतरणारा रंग बघायचा आणि पुन्हा बुडवायचा. याला पाणी देणं म्हणतात. रंग ओळखण्यात चूक झाली तर धार वाकते, नाहीतर तिचा तुकडा उडतो. आमच्या कोयत्याचं कधी असं झालं नाही. याचा मला अजून गर्व आहे.

पाणी फक्त मालक द्यायचे, कुतुबुद्दीन मिस्त्री. त्यांच्या वडिलांनी दोन कामगारांना ही विद्या शिकवली आणि त्या दोघांनी वर्षाच्या आत समोरच दुकान मांडलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पाणी द्यायची वेळ झाली की मिस्त्री पाचही कामगारांना चहाला बाहेर धाडत आणि गोणपाटाचा पडदा ओढून घेत.

बहात्तरच्या दुष्काळानंतर माळावर इंजिनांचा मोठा कारखाना सुरू झाला. तिथं निळे कपडे मिळत, दवाखाना होता आणि नोकरी कायम झाल्याचं पत्र हातात पडे. पहिल्यांदा जतचा धुळा गेला. मग एकेक करून आणखी तिघं गेले. यातलं काहीच मिस्त्रींना देता येण्यासारखं नव्हतं, त्यामुळे जाणाऱ्यांना मी दोष देत नाही.

शिराळ्याचा जोतीराम तेवढा राहिला. घणाचा त्याचा एकही घाव चुकत नसे. पण त्याचं लग्न जमत नव्हतं. एके दिवशी मिस्त्री पडदा ओढायला लागले, तेव्हा त्यानं तो धरून ठेवला.

"मिस्त्री, मला पानी शिकवा," तो म्हणाला. "पावनं म्हनत्यात, घण मारनारा म्हंजे हमालच. मिस्त्री झालो म्हनून सांगता आलं, तर मी हितनं कुटं जात न्हाई."

"दसरा होऊ दे. मग बघू," मिस्त्री म्हणाले.

असे तीन दसरे झाले. दरवर्षी जोतीराम घणाला झेंडू वाहायचा, मिस्त्रींकडे बघायचा आणि चहाला बाहेर जायचा. चौथ्या दसऱ्याआधीच तो माळावरच्या कारखान्यात लागला.

पुढं तो लग्नाची पत्रिका घेऊन आला. अंगात निळा सदरा होता. "तिथं दिसभर येकच भोक पाडतो, मिस्त्री," तो म्हणाला. "पर पत्र हाय." मिस्त्रींचे ओठ हलले. मला वाटलं, आता शिकवतो म्हणतील. त्यांनी त्याला चहा विचारला.

त्यानंतर भट्टी क्वचितच पेटायची. मिस्त्रींचे हात कापू लागले, डोळ्यांना रंग कळेनासे झाले. आणि मग जे सुरू झालं, त्याची मला आजही भीती वाटते. भरदुपारी ते पडदा बाजूला सारत, माझ्या काठाशी बसत आणि जोतीरामच्या रिकाम्या जागेशी बोलत. "जवळ ये रं. हळदीचा रंग गेला, आता जांभळा येईल. थांब. निळा डोकावला की बुडव." चूक झाल्यासारखे थांबत आणि पुन्हा पहिल्यापासून समजावत. कधी धुळालाही हाक मारत. मी आत पाहिलं, तर माझ्या पाण्यात एकाच माणसाचं तोंड दिसे.

ते गेले. कारखान्याला कुलूप लागलं. पण दुपार झाली की मला तो आवाज अजून ऐकू येतो.

मित्रांनो, ज्याच्याकडे द्यायला थोडंच असतं, त्यानं ते तरी झाकून ठेवू नये. तुम्हाला काही येत असेल, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वेळेवर शिकवा. मिस्त्रींची सगळी विद्या मला तोंडपाठ आहे. पण मला हात नाहीत.